फाटकावरचा कुत्रा शोच्या रिंगमध्ये

कर्जतहून कशेळ्याकडे किंवा चौकहून खोपोलीकडे जाताना फार्महाऊसच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी हमखास दिसते. बऱ्याच ठिकाणी पाटी खरी असते. आत जर्मन शेफर्ड असतो, रॉटवायलर किंवा डॉबरमन असतो, एखाद्या हौशी मालकाकडे ग्रेट डेन असतो, तर कुणी लातूर-सोलापूरकडून कारवान आणलेला असतो. मालक मुंबई-पुण्याचे, शनिवार-रविवारी येणारे. उरलेले पाच दिवस कुत्रा माळ्याच्या ताब्यात. काम ठरलेलं असतं: फाटकाशी कुणी आलं की भुंकायचं, आणि आतून कुणी 'गप' म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

मग एखाद्या हिवाळ्यात मालक पुण्यातला किंवा मुंबईतला डॉग शो बघून येतात आणि म्हणतात, आपल्या कुत्र्याचा बांधा तिथल्या निम्म्या कुत्र्यांपेक्षा उजवा आहे. कागद आहेत, केनेल क्लबची नोंदणी आहे, मायक्रोचिप आहे. फक्त कुत्रा तीन वर्षांचा झालाय आणि आयुष्यात कधी रिंगमध्ये उभा राहिलेला नाही. आता या वयात शिकेल का?

उभं राहायला तो लवकर शिकतो. प्रौढ कुत्र्याचं लक्ष पिल्लापेक्षा जास्त वेळ टिकतं, अंग भरलेलं असतं, तोल आलेला असतो. अडचण दुसरीकडे आहे. रिंगमध्ये एक पूर्ण अनोळखी माणूस समोरून चालत येणार, त्याचे ओठ वर करून दात बघणार, खांद्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवणार, नर असेल तर वृषण चाचपणार, आणि एवढं होईतो कुत्र्याने पाय हलवायचा नाही. फाटकावर तीन वर्षं जे शिकवलं, त्याच्या हे बरोबर उलट आहे. म्हणून राखणीच्या कुत्र्याला शोसाठी तयार करताना निम्म्याहून जास्त कष्ट पायांवर नाही, परक्या हातावर घ्यावे लागतात.

डॉग शोला वर्तमानपत्रं सौंदर्यस्पर्धा म्हणतात, पण त्याचं मूळ पैदाशीत आहे. पहिला संघटित डॉग शो १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसलला भरला. त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचेच कुत्रे होते, कारण पुढची वीण कुणाकडून घ्यायची हे शिकाऱ्यांना ठरवायचं होतं. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. आपल्याकडची संस्था १८९६ मध्ये नॉर्दर्न इंडिया केनेल असोसिएशन या नावाने सुरू झाली, तीच आजची चेन्नईची केनेल क्लब ऑफ इंडिया. प्रत्येक जातीचं एक लिखित मानक असतं: उंची, डोक्याची ठेवण, पाठ, शेपूट, चाल, दात. रिंगमध्ये कुत्रे एकमेकांशेजारी उभे असले तरी जज प्रत्येकाला त्या मानकाशी ताडून बघतो आणि मग क्रम लावतो. पैदाशीलायक जनावर निवडायचं असल्यामुळेच मुख्य वर्गांत नसबंदी केलेला कुत्रा चालत नाही.

कर्जतच्या शेजारी, मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेत पौष पौर्णिमेला भरणारा बैलबाजार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे फार समजवावं लागत नाही. घेणारा आधी लांब उभा राहून बांधा बघतो, मग जवळ येऊन दात बघतो, खूर बघतो, पाठीवर थाप मारतो आणि शेवटी म्हणतो, 'जरा चालवून दाखवा.' जजचा क्रम असाच असतो. फरक इतकाच की त्याच्याकडे एका कुत्र्यामागे दोन-तीन मिनिटंच असतात. तेवढ्या वेळात कुत्रा वाकडा उभा राहिला तर चांगला खांदाही वाईट दिसतो.

त्या उभं राहण्याला शोवाले 'स्टॅक' म्हणतात. पुढचे पाय कोपरापासून पंजापर्यंत ओळंब्यासारखे सरळ, खांद्याच्या उंचवट्याच्या बरोबर खाली. मागचे पाय थोडे मागे आणि थोडे फाकलेले, इतके की मागच्या घोट्यापासून पंजापर्यंतचा भाग जमिनीशी काटकोन करेल. मान वर, पाठ जातीला शोभेल तशी. जर्मन शेफर्डची तऱ्हा निराळी: जजच्या बाजूचा मागचा पाय मागे ताणलेला आणि पलीकडचा पोटाखाली घेतलेला. कारवान अंगानेच लांब पायांचा, खोल छातीचा, कमरेला किंचित कमान असलेला. त्याला फार ताणून उभं केलं की ती कमान सपाट होते आणि कुत्रा आजारी असल्यासारखा दिसतो. म्हणून आधी आपल्या जातीचं मानक वाचायचं, मग पायाला हात लावायचा.

पहिली अडचण अगदी घरगुती आहे. कुत्रा घरी आला की आपण सगळ्यात आधी त्याला 'बस' शिकवतो. तीन वर्षांत त्याने हजारो वेळा बसून खाऊ मिळवलेला असतो. हातात तुकडा दिसला की ढुंगण आपोआप जमिनीला टेकतं. अशा वेळी मालक हमखास पट्टा वर खेचतात. डोकं वर गेलं की मागचा भाग आणखी खाली जातो, म्हणजे खेचून खेचून आपण त्याला बसवतच असतो.

यावर उपाय म्हणजे तुकडा नाकाच्या उंचीवर किंवा बोटभर खाली धरायचा आणि सरळ रेषेत पुढे न्यायचा. कुत्रा एक पाऊल पुढे येतो आणि चारही पायांवर थांबतो. त्याच क्षणी एक ठरलेला शब्द उच्चारायचा, 'हां' किंवा 'शाब्बास', काहीही चालेल, पण दरवेळी तोच. आणि मग खाऊ. तो बसलाच तर ओरडायचं नाही, रागवायचं नाही. आपण एक पाऊल पुढे सरकायचं, तो उठतो. बसल्यावर काही मिळत नाही आणि उभं राहिल्यावर मिळतं, हे त्याला दोन-चार दिवसांत उमगतं. त्याचं जुनं 'बस' मोडायची गरज नाही. नव्यासाठी 'स्टँड' हा वेगळा शब्द द्यायचा आणि रिंगच्या सरावात 'बस' तोंडातून काढायचंच नाही.

त्या ठरलेल्या शब्दामागे शास्त्र आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्याकडे शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४० च्या दशकात प्राण्यांना शिकवताना आवाजाच्या खुणेचा पद्धतशीर वापर सुरू केला. हात खिशात जाऊन तुकडा तोंडाशी येईपर्यंत दोन सेकंद जातात, आणि तेवढ्यात कुत्र्याने पाय हलवलेला असतो. त्याला वाटतं, पाय हलवला म्हणून खाऊ मिळाला. खुणेचा आवाज हे अंतर बुजवतो. आपल्याकडे बरेच जण खाऊ भरपूर देतात पण वेळ चुकवतात, आणि मग कुत्र्याला हट्टी ठरवतात.

पाय जागेवर यावेत म्हणून परदेशात तयार लाकडी ठोकळे मिळतात. इकडे घरातले दोन पाट पुरतात. बुटके, रुंद, न डुगडुगणारे पाट घ्यायचे, वरून गोणपाट ठोकायचं आणि खालून जुन्या ट्यूबचे तुकडे लावायचे, म्हणजे सरकत नाहीत. एका पाटावर पुढचे दोन पाय, दुसऱ्यावर मागचे दोन. दोन्हींमधलं अंतर कुत्र्याच्या अंगाच्या लांबीप्रमाणे ठेवायचं. पुढचे पाय तो लगेच चढवतो. मागचे पाय मात्र आपल्याला आहेत, हेच बहुतेक कुत्र्यांच्या गावी नसतं! त्यासाठी आधी काही दिवस जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यांच्यावरून सावकाश चालवायचं. मागचा पाय उचलून कुठे ठेवायचा, हे त्याला तिथे कळतं. मग पाटावर दोन सेकंद, पाच सेकंद, दहा सेकंद. वेळ वाढवताना अधूनमधून पुन्हा कमी करायचा, नाहीतर दरवेळी अवघड होत जाणाऱ्या कामाला कुत्राही कंटाळतो. पुढे पाट काढून नुसती गोणपाटं ठेवायची, ती लहान करत न्यायची आणि शेवटी जमीन उरते. एका बैठकीला तीन ते पाच मिनिटं बास. दिवसातून दोन-तीन वेळा.

हाताने पाय लावायची कलाही यावी लागते, कारण रिंगमध्ये वेळ कमी असतो. शो लीड, म्हणजे रिंगमधला बारीक पट्टा, कानांच्या मागे, मानेच्या अगदी वरच्या टोकाला असते. कुत्र्याचं डोकं हे तुमचं सुकाणू. डोकं हलकेच उजवीकडे वळवलं की वजन उजव्या पायावर जातं आणि डावा पाय हलका होतो. तो कोपरापाशी धरून उचलायचा आणि ठेवायचा. पंजा धरला की कुत्रा पाय ओढून घेतो, कुणाचाही घेतो. मागचा पाय घोट्यापाशी धरावा. पाठीवर दाबून कधी उभं करू नये, पाठ वाकते किंवा कुत्रा बसतो. छातीला मागच्या दिशेने किंचित रेटा दिला तर मात्र तो अंग पुढे झोकून ताठ उभा राहतो, कारण ढकललं की उलट जोर लावायचा, हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

इथवर सगळं महिन्याभरात बसतं. पुढचं काम, म्हणजे परक्या हाताची सवय, सावकाशीचं.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर दीर्घकाळ काम करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसांची, आवाजांची, परक्या स्पर्शाची सवय लागण्याचा सर्वांत सोपा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांचा असतो, ही गोष्ट त्यांच्या कामामुळे पक्की झाली. फार्महाऊसवर वाढलेल्या कुत्र्याचा हा काळ कुंपणाच्या आत, दोन-चार ओळखीच्या माणसांत गेलेला असतो. त्यानंतर दार बंद होतं असं नाही, पण उघडायला वेळ लागतो. कारवानच्या बाबतीत तर जास्तच. नजरेने सावज हेरून धावणारी ही जात मुळात अलिप्त, आणि परक्याने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही हे पाळणारे सगळेच सांगतात.

मग राखण मोडून काढायची का? मुळीच नाही. कुत्रा गोष्टी शिकतो त्या जागेसकट, पट्ट्यासकट, वासासकट. आपण हाच त्याचा गुण वापरायचा. रिंगच्या सरावासाठी बारीक शो लीड वेगळी ठेवायची आणि ती दुसऱ्या कुठल्याही कामाला लावायची नाही. तिने फाटकाशी बांधायचं नाही, फिरायला न्यायचं नाही. सरावाची जागाही फाटकापासून लांब, घराच्या मागे किंवा शेजाऱ्याच्या वाडीत. बारीक लीड गळ्यात आली की परका माणूस म्हणजे कोंबडी, जाड पट्टा आला की परका माणूस म्हणजे भुंकणं, असे दोन वेगळे कप्पे त्याच्या डोक्यात तयार होतात. कुत्र्यांना हे जमतं. पोलिसांचे कुत्रे घरी मुलांशी खेळतात ते याच जोरावर.

परका माणूस कसा आणायचा, यात क्रम महत्त्वाचा आहे. कुत्रा ज्या अंतरावर बघतो पण ताणत नाही, त्या अंतरावर माणूस उभा करायचा. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. माणूस आडोशाला गेला की तुकडे बंद. आधी माणूस, मग खाऊ. उलट केलं, म्हणजे खाऊ दाखवून माणूस आणला, तर कुत्रा खाऊकडेच संशयाने बघायला लागतो. अंतर रोज थोडं कमी करायचं. मग तो माणूस बाजूने चालत जवळून जाईल, डोळ्यात डोळे न घालता. मग थांबेल. मग हनुवटीखाली किंवा छातीला एक बोट लावेल आणि निघून जाईल. डोक्यावरून हात आणायचा नाही, तो कुत्र्याला वरून झडप घातल्यासारखा वाटतो. छातीवरून खांदा, खांद्यावरून पाठ, मग मांडी, शेपूट. दात सगळ्यात शेवटी, आणि दातांचा सराव आधी घरच्या माणसाने करून घ्यायचा: बाजूचा ओठ क्षणभर वर, हां, तुकडा. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. बऱ्याच जातींत वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे, कात्रीसारखे बसावे लागतात. जज ते बघतो आणि काही जातींत दाढाही मोजतो, तेव्हा तोंड नीट उघडून देण्याचीही सवय लागते.

माणसं बदलती हवीत. कर्जतच्या कुत्र्याने पावसात रेनकोटवाले पाहिलेले असतात, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया पाहिलेल्या असतात, दूधवाला पाहिलेला असतो. ब्लेझर घालून, टाय लावून, गॉगल चढवून त्याच्याकडे चालत येणारा गृहस्थ त्याने जन्मात पाहिलेला नसतो. शोमध्ये नेमका तोच येतो. सरावाला एखाद्या भाच्याला लग्नातला कोट घालायला लावलात तर हसू येईल, पण उपयोग होतो.

कुत्र्याला जड जातंय हे तो आधी सांगतो. झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग अचानक थिजणं. यांतलं काही दिसलं की पुढे रेटायचं नाही, दोन पायऱ्या मागे जायचं. गुरगुरला तर मारायचं तर अजिबातच नाही. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की उरतो तो सूचना न देता चावणारा कुत्रा. आपल्याकडे गळा आवळणाऱ्या साखळ्या सर्रास वापरतात. परका माणूस जवळ आला की गळा आवळतो असं समीकरण एकदा बसलं की सगळी मेहनत पाण्यात. आणि महिनोन्‌महिने सावकाश जाऊनही काही कुत्र्यांना परका हात सोसत नाही. असा कुत्रा कितीही देखणा असला तरी त्याला रिंगमध्ये नेणं जजवर अन्याय आहे आणि कुत्र्यावरही.

आता शिकवणार कोण? इथे मालकांचा हिरमोड होतो. आठवड्यातून दीड दिवस येणाऱ्या माणसाकडून हे होत नाही. कुत्रा ज्याच्या हातचं खातो, ज्याच्या मागे भातखाचराच्या बांधावरून फिरतो, तो माळी किंवा राखणदार हाच त्याचा खरा माणूस. गुरांत वाढलेल्या माणसाला जनावराची नजर कळते. त्याला पाट, शब्द आणि क्रम एकदा नीट दाखवले, त्या कामाचे वेगळे पैसे दिले, तर तो शहरातल्या महागड्या हँडलरच्या तोडीचं काम करतो. रिंगमध्येही त्यालाच उतरवावं, असं माझं मत आहे. इस्त्रीचा शर्ट घातला की झालं.

शोचा हंगाम मुख्यतः थंडीचा, त्यामुळे सरावाची सुरुवात इथे पावसाळ्यातच करावी लागते. कर्जत-खालापूरचा पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही, तेव्हा पाटाचं काम पडवीत चालतं. लादी घसरत असेल तर खाली सतरंजी टाकायची. एकदा पाय घसरलेला कुत्रा त्या जागेवर उभा राहायला बिचकतो. याच दिवसांत गवतातून गोचीड लागतात. गोचिडाचा ताप आलेला कुत्रा आधी मरगळतो, खाणं सोडतो, हिरड्या फिक्या पडतात. सरावात 'आळस करतोय' असं वाटलं तर आधी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बघा, आणि डॉक्टरांकडे न्या. नखांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. मऊ मातीवर राहणाऱ्या कुत्र्याची नखं झिजत नाहीत. ती वाढली की पंजा पसरतो आणि पाय मागे कलतो, मग कितीही लावा, सरळ दिसत नाही. दर आठवड्याला टोकापुरतं कापत गेलं तर आतली रक्ताची नसही हळूहळू मागे सरकते. बक्षिसाचा खाऊ म्हणून कोंबडी किंवा कलेजी नुसती उकडून, मीठ-मसाल्याशिवाय द्यायची. रविवारच्या मटणाचे तुकडे नकोत: त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

चालीला मोकळी, सपाट जागा लागते. भात कापल्यावर खाचरं मोकळी होतात, पण धसकटं पायात टोचतात आणि कुत्रा पावलं चोरायला लागतो. त्यापेक्षा झोडणी आटोपल्यावर रिकामं पडलेलं सारवलेलं खळं उत्तम. जजला हवी असते ती दुडकी चाल, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलला जातो. आळसावलेला कुत्रा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो आणि डुलत चालतो. वेग थोडा वाढवला की तो आपसूक दुडकीवर येतो. सरळ जाऊन सरळ परत, मग त्रिकोण, मग गोल फेरी, एवढं बसवायचं. कुत्रा कायम जज आणि आपण यांच्यामध्ये असावा. लीड ढिली, कारण ताणलेल्या लीडवर पुढचे पाय हवेत फेकले जातात.

गर्दीचा आणि लाऊडस्पीकरचा सराव बाहेर करावा. लग्नसराईत हॉलच्या बाहेर लांबवर उभं राहिलं तरी पुरतं. शोच्या दिवशी लवकर पोहोचायचं, कुत्र्याला सावलीत तास-दोन तास नुसतं बघू द्यायचं, पाणी घोट घोट, पोटभर जेवण नाही. जज समोर आला की हँडलरचा हात नकळत आवळतो, आणि तो ताण लीडमधून थेट कुत्र्याच्या मानेत उतरतो. तेव्हा श्वास सोडून बोटं सैल करायची. जज वाकताना कुत्रा थिजला, तर 'आज नको' असं सरळ सांगून रिंगमधून बाहेर पडता येतं, त्यात काही कमीपणा नाही. घरी येऊन दोन आठवडे पाट आणि पाय विसरायचे, आणि कोटवाल्या भाच्याला पुन्हा लांबच्या अंतरावर उभं करायचं.